आधी स्टे, मग बॅग

बॅग घ्यायला निघण्याआधी गाडीच्या मागे उकिडवे बसा आणि सीटपासून चाकापर्यंतचा भाग नीट न्याहाळा. बजाज अ‍ॅव्हेंजर असो, रॉयल एनफिल्ड मिटिअर असो किंवा त्याच घडणीची दुसरी एखादी छोटी क्रूझर, एक गोष्ट लगेच ध्यानात येते. या गाड्यांवर सामानासाठी म्हणून राखलेली जागा जवळजवळ नसतेच. चालकाची सीट खोलगट आणि जमिनीजवळ. अ‍ॅव्हेंजर क्रूझची उंची ७३७ मिलिमीटर, मिटिअरची ७६५. मागची सीट आखूड आणि एक पायरी वर. तिच्यामागे मडगार्ड थेट खाली उतरत जाते आणि त्याच्या दोन्ही अंगांनी इंडिकेटर बाहेर आलेले असतात. शॉकअ‍ॅब्सॉर्बर बाहेरच्या बाजूला, तिरके. उजवीकडे लांबलचक सायलेन्सर. क्रूझरचे देखणेपण या उतरत्या रेषेतच आहे, पण बॅगेला हवी असते उभी सपाट बाजू आणि खालून टेकू. या दोन्ही गोष्टी गाडी देत नाही, त्या आपल्याला कराव्या लागतात.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. जेवढे पैसे बाजूला काढले असतील त्यातला पहिला वाटा सॅडल स्टेला द्या आणि उरलेल्यात बॅग बसवा. स्टे म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना बसणारी लोखंडी नळीची चौकट. दिसायला ती काहीच नाही आणि फोटोत तर दिसतही नाही, त्यामुळे गिऱ्हाईक तिच्यावर खर्च करायला नाखूश असते. पण भक्कम स्टेवर साधी बॅगही वर्षानुवर्षे चालते, आणि स्टे नसेल तर महागातली बॅगही चाकात जाऊ शकते.

हे कसे होते ते समजून घ्या. मऊ सॅडल बॅग रिकामी असताना शॉकअ‍ॅब्सॉर्बरला टेकून शहाण्यासारखी उभी राहते. भरली की तिचे पोट सुटते आणि मागचा खालचा कोपरा आत वळतो. तिथे अडवायला काही नसते, शॉकअ‍ॅब्सॉर्बर पुढे राहतो आणि मागे उघडे चाक. रस्त्यावर खड्डा आला की चाक वर येते आणि नेमकी त्याच क्षणी बॅग खाली आदळते. वेग वाढला की वारा बॅगेला आणखी आत रेटतो. कोपरा टायरला लागला तर काही किलोमीटरांत कापड फाटून आतले कपडे बाहेर येतात, हा झाला स्वस्तातला तोटा. पट्ट्याचे मोकळे टोक चेनमध्ये किंवा चाकाच्या तारांत गुंडाळले गेले तर चाक जाम होते आणि गाडी हातची जाते. बॅगेमुळे होणारा खरा अपघात हा आहे. बाकीच्या सगळ्या गोष्टी गैरसोयीत जमा होतात.

इथे साडीगार्डचा विषय निघतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमानुसार दुचाकीला मागे बसणाऱ्यासाठी आधाराचा दांडा, पाय ठेवायची जागा आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण असावे लागते. ते संरक्षण म्हणजे आपले साडीगार्ड. गाडी नवी घेतली की ‘लुक खराब होतो’ म्हणून ते काढून टाकणारे बरेच भेटतात, आणि बॅग बसवताना मध्ये येते म्हणून कापायला सांगणारेही. तसे करू नका. डावीकडे बॅगेला चाकापासून दूर ठेवणारी ती आयती जाळी आहे, आणि ओढणी किंवा साडीसाठी तिची गरज आजही तितकीच आहे. ज्या स्टेला साडीगार्ड कापावे लागते तो स्टे तुमच्या गाडीसाठी केलेला नाही, असे समजून दुसरा बघा.

उजव्या बाजूला प्रश्न वेगळा. तिथे साडीगार्ड नाही, पण सायलेन्सर आहे. पॉलिएस्टर आणि नायलॉन तापलेल्या धातूला चिकटतात, वितळतात आणि तो डाग सायलेन्सरवरून सहजी निघत नाही. बॅगेचा तळ आणि सायलेन्सर यांत गाडीवर सगळे वजन पडलेले असताना निदान चार बोटे अंतर राहायला हवे. त्यापेक्षा कमी राहत असेल तर बॅगेच्या तळाशी अ‍ॅल्युमिनिअमचा पातळ पत्रा लावून घेता येतो, पण ती मलमपट्टी झाली. थोडी उथळ बॅग घेणे हाच बरा उपाय. चेन ल्युबचा स्प्रे, गॅसचा छोटा डबा, पॉवर बँक अशा वस्तू उजव्या बॅगेत तळाला कधीही ठेवू नका.

आता मोजमाप. टेपपेक्षा पुठ्ठा जास्त खरे सांगतो. ज्या बॅगेवर नजर आहे तिची लांबी, रुंदी, उंची कागदावर उतरवून घ्या आणि किराणा दुकानातून आणलेल्या खोक्याचे पुठ्ठे कापून त्याच मापाचा डबा बनवा. तो सुतळीने गाडीला बांधा. मग घरातल्या दोघांना गाडीवर बसवा, जोडीदाराला पाय नेहमीसारखे फूटरेस्टवर ठेवू द्या, आणि एकदा जोराने सीट दाबून शॉकअ‍ॅब्सॉर्बर खाली बसवा. त्या स्थितीत चारही बाजूंनी बघा. इंडिकेटर मागून दिसतो का? नंबर प्लेट आणि मागचा दिवा झाकला जातो का? मागे बसणाऱ्याची टाच पुठ्ठ्याला लागते का? खालच्या मागच्या कोपऱ्यापासून टायर किती लांब आहे? दुकानदार कितीही खात्रीने ‘सगळ्या गाड्यांना बसते’ म्हणाला तरी या पुठ्ठ्याचा शब्द शेवटचा माना. इंडिकेटर झाकला जात असेल तर तो पुढे-मागे सरकवायची पट्टी मिळते; नंबर प्लेट आणि मागचा दिवा मात्र कुठल्याही कारणाने झाकू नका. दंड तर होतोच, शिवाय मागून येणाऱ्या ट्रकला तुमचा ब्रेकचा दिवा दिसला नाही तर त्याची भरपाई कशानेच होत नाही.

स्टे घेताना गाडीच्या कंपनीच्या अधिकृत अ‍ॅक्सेसरीजमध्ये आधी विचारा. तिथे नसेल तर तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला बाहेरचा घ्या. पुण्यात नाना पेठेत किंवा आपापल्या गावच्या फॅब्रिकेटरकडे करून घेणारेही पुष्कळ आहेत आणि चांगला कारागीर असेल तर त्यात गैर काही नाही. एवढेच पाहा की प्रत्येक बाजूला निदान तीन ठिकाणी पकड असावी आणि खालच्या बाजूला बॅगेचा तळ टेकेल असा आडवा दांडा असावा. दोनच बोल्टांवरचा स्टे खड्ड्यांनी हलत हलत वेल्डिंगपाशी तडकतो. आणखी एक बारकावा. बहुतेक स्टे शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या वरच्या बोल्टवर चढवतात. मध्ये पट्टी आली की मूळचा बोल्ट तेवढ्या जाडीने आखूड पडतो. घट्ट केल्यावर नटाच्या बाहेर दोन-तीन आटे दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर त्याच ताकदीचा लांब बोल्ट आणा, जुन्यावर भागवू नका. नट नायलॉनच्या कडीचा असावा, म्हणजे थरथरीने ढिला होत नाही.

वजनाचा हिशेब लोक टाळतात, कारण तो केला की अर्धे सामान घरी ठेवावे लागते. तरी तो कराच. ओनर्स मॅन्युअलमध्ये गाडी किती भार पेलू शकते ते दिलेले असते, आणि त्या आकड्यात चालक, मागे बसणारा, सामान आणि बाहेरून लावलेली प्रत्येक वस्तू धरलेली असते. समजा हा आकडा १७० किलो आहे. तुम्ही ७८ किलोचे, जोडीदार ६२. दोघांची हेल्मेट, जॅकेट, बूट मिळून १०. उरले २०. त्यातून स्टेचे ४ आणि रिकाम्या बॅगांचे ३ वजा केले की हातात राहतात १३ किलो. डबलसीट प्रवासात छोट्या क्रूझरचे खरे सामान एवढेच असते. म्हणूनच मोठ्या बॅगेचा मोह वाईट. जागा उरली की ती भरली जाते, हा अनुभव प्रत्येक प्रवाशाचा आहे. दोन्ही बाजू मिळून ४० ते ५० लिटरच्या बॅगा दोघांना चार-पाच दिवसांसाठी पुरतात. एकट्याला दोन-तीन दिवसांसाठी त्याच्या निम्म्याही पुष्कळ होतात.

याच हिशेबाने मी छोट्या क्रूझरसाठी कडक पेट्यांच्या बाजूचा नाही. पेट्यांना कुलूप लागते, पाऊस आत येत नाही, त्यांचा दिमाखही वेगळा. हे सगळे मान्य. पण पेट्यांची जोडी आणि त्यांची चौकट मिळून दहा-बारा किलो सहज होतात, म्हणजे वरच्या उदाहरणात उरलेल्या २० किलोंतला निदान निम्मा भार एक शर्ट ठेवण्याआधीच संपला. गाडी कलंडली तर मऊ बॅग दबते. कडक पेटी आणि जमीन यांच्यामध्ये पाय सापडला तर हाड मोडते. शिवाय शहरात दोन गाड्यांच्या मधून निघताना मागची रुंदी विसरायला होते. टॉप बॉक्स तर क्रूझरवर सगळ्यात चुकीच्या जागी बसतो: बॅकरेस्टच्या मागे, मागच्या आसाच्याही पलीकडे, उंचावर. तिथे ठेवलेला प्रत्येक किलो पुढचे चाक हलके करतो. घाटात वळणावर हँडल हलके लागायला लागले, पूल ओलांडताना वाऱ्याने गाडी डोलायला लागली, तर आधी टॉप बॉक्सकडे बघावे. मडगार्ड हा भार पेलण्यासाठी केलेले नसते, हेही आहेच. रोज ऑफिसला लॅपटॉप आणि डबा न्यायचा असेल तर छोटा टॉप बॉक्स ठीक, प्रवासासाठी नको.

टँक बॅगही या गाड्यांना फारशी मानवत नाही. टाकी निमुळती आणि उतरती. अ‍ॅव्हेंजरसारख्या गाडीत टाकीवरच पट्टी आणि दिवे. बॅग ठेवली की ते झाकले जातात. हँडल मागे ओढलेले असल्याने पूर्ण वळवताना ते बॅगेला अडते. चुंबकाची बॅग असेल तर खाली अडकलेली धूळ रंगावर ओरखडे काढते. टोलची सुटी नाणी, फोन, औषध यांसाठी कमरेचा पाऊच बरा.

त्याऐवजी क्रूझरने दिलेली एक उत्तम जागा वापरा, ती म्हणजे मागची सीट आणि बॅकरेस्ट यांच्यामधला कोन. एकटे जात असाल तर आडवी, नळकांड्याच्या आकाराची रोलटॉप बॅग मागच्या सीटवर ठेवून बॅकरेस्टला टेकवा आणि दोन रुंद पट्ट्यांनी आवळा. वजन दोन्ही चाकांच्या मध्ये येते, पाठीला टेकू मिळतो, मुक्कामी एका हाताने उचलून नेता येते. लांबच्या एकट्या प्रवासाला मला ही मांडणी सगळ्यात पसंत आहे: बाजूंना दोन छोट्या सॅडल बॅगा आणि मागे एक रोल. बांधायला रबरी बंजी वापरू नका. ती ताणली जाते, आकडा सुटला तर डोळ्यावर येतो, आणि ढिली झाली तर तीच चाकात जाते. कॅम बकलचा न ताणणारा पट्टा घ्या. जाळी फक्त रेनकोटसारख्या हलक्या वस्तूसाठी, तीही आवळलेल्या बॅगेच्या वरून.

लेगगार्डवर लावायच्या छोट्या पिशव्यांना माझी हरकत नाही. वजन पुढे आणि खाली येते, हे चांगलेच. प्रत्येकी किलो-दीड किलोच्या वर जाऊ नका आणि इंजिनाला लागणारा वारा अडवू नका. अ‍ॅव्हेंजर २२० ला तर पुढे ऑइल कूलर आहे. तो झाकला की घाटात इंजिन तापणारच.

डबलसीट जायचे असेल तर मागे बसणाऱ्याला विचारल्याशिवाय बॅग ठरवू नका. बहुतेक नवरे ही पायरी गाळतात. बॅग फार पुढे आली तर मागच्याचे गुडघे बाहेर फेकले जातात आणि शंभर किलोमीटरनंतर कंबर धरते. एका बाजूने बसायची सवय असेल तर डावी बॅग पायांच्या आड येते. तिला सरकवायला जागा नसते. लांबच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणेच सुरक्षित आहे, बॅग असो वा नसो. तसे शक्य नसेल तर डावी बॅग लावू नका, सामान कमी करा.

कापडाबद्दल दुकानात बरेच आकडे फेकले जातात. डेनिअर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन; आकडा मोठा तितका धागा जाड. ६०० डेनिअरचे पॉलिएस्टर शहरी वापराला पुरते, प्रवासासाठी १,००० डेनिअरच्या आसपासचे नायलॉन बरे, कारण ते घासटण्याला टिकते. पण बॅग बहुधा कापडात जात नाही, शिवणीत आणि झिपमध्ये जाते. पट्टा जिथे बॅगेला शिवला आहे तिथे चौकोन आणि त्यात फुलीची शिवण आहे का, ते आत हात घालून तपासा. झिप जाड दात्यांची असावी आणि भरलेल्या बॅगेवर ताण न घेता फिरावी. बकल तुटले तर सुटे मिळते का, हे विचारा. बंगळूरच्या व्हायाटेरा किंवा मुंबईच्या रायनॉक्ससारख्या भारतीय कंपन्या आता प्रवासी बॅगाही बनवतात. त्यांच्या बॅगा प्रत्यक्ष हाताळून बघितल्या की शिवणीतला फरक डोळ्यांना कळतो, मग घ्या दुसरी कुठली का होईना. चामड्याची बॅग क्रूझरला सगळ्यात शोभते यात वाद नाही, पण आपल्या पावसाळ्यात तिला बुरशी धरते; हिवाळ्यातल्या सहलींसाठी ठेवायची असेल आणि दर काही महिन्यांनी क्रीम चोळायची तयारी असेल तरच घ्या. रेक्झिनची नको. उन्हाने घडीवर चिरा पडतात आणि दुसऱ्याच वर्षी ती भिकार दिसायला लागते.

पावसासाठी ‘वॉटरप्रूफ’ या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका. आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे सहन होतात. आयपीएक्स ६ म्हणजे जोरदार फवारा. ताम्हिणीत किंवा आंबोलीत जुलैमध्ये साठच्या वेगाने गाडी चालवली की पाऊस फवाऱ्यासारखाच येतो, वरून आणि मागच्या चाकावरून खालूनही. वरून चढवायचे रेनकव्हर वाऱ्याने फुगते, आणि तळाला भोक नसेल तर त्यातच पाणी साचून बॅग त्यात बसते. भरवशाचा आणि स्वस्त मार्ग आतून आहे: बॅगेत रोलटॉपची पातळ आतली पिशवी घाला, तोंड तीनदा गुंडाळून बकल लावा. बाहेरची बॅग भिजू दे. पावसाळ्यात कोकणात फिरणाऱ्यांनी शिवणच नसलेली, जोड वितळवून बसवलेली बॅग घेतली तर पैसे वाया जाणार नाहीत.

भरताना जड वस्तू खाली आणि पुढे, गाडीच्या अंगाला. हत्यारे, पंक्चरचे सामान, चपला तळाला, कपडे वर. तारांची चाके असतील तर सुटी ट्यूब आणि पाने घ्यावेच लागतात, ट्यूबलेस असतील तर छोटे किट भागवते, म्हणजे तिथेच किलोभर वाचतो. डावी-उजवी बॅग घरच्या वजनकाट्यावर तोला; एक किलोपेक्षा जास्त फरक नको. पट्ट्यांची उरलेली टोके लोंबू देऊ नका, गुंडाळून त्यावर रबराची कडी चढवा किंवा केबल टाय मारा. भरून झाल्यावर मागच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा ताण एक-दोन घरे वाढवा, दोन्ही बाजूंना सारखा. मिटिअरला अशी सहा घरे आहेत. चाकातली हवा गाडी थंड असताना, स्टिकरवरच्या भारासाठीच्या आकड्याप्रमाणे भरा. मागचा भाग दबल्यामुळे हेडलाइट वर उचलला जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर येतो, तोही खाली करून घ्या.

निघाल्यावर पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरला चहाला थांबायचे ते पट्ट्यांसाठी. सामान बसते, नायलॉनचा पट्टा भिजला की सैल होतो, आणि घरी आवळलेला पट्टा तिथे बोटभर ढिला सापडतो. तो पुन्हा आवळा, बॅगेचा खालचा कोपरा हाताने चाकाच्या दिशेने ढकलून बघा, सायलेन्सरच्या बाजूचे कापड गरम लागते का ते तळहाताने पाहा. त्यानंतर दर पेट्रोलला एकदा.

घरी परतल्यावर बॅगा काढा, उघड्या करून सावलीत वाळवा आणि गाडीवर लटकत ठेवू नका. उन्हात रंग उडतो, आणि दमट हवेत आतला पॉलियुरेथेनचा लेप चिकट होऊन सालपटासारखा निघतो. कोकणात आणि मुंबईत तो लवकर निघतो. स्टेचे बोल्ट पान्याने एकदा फिरवून बघा आणि वेल्डिंगच्या जोडांवर बोट फिरवा. रंगाला केसाएवढी चीर दिसली तर आत लोखंडही तडकलेले असण्याची शक्यता आहे, पुढच्या प्रवासाआधी ते दुरुस्त करून घ्या.